टॉरस डोंगरातले बायझंटाईन अवशेष : अलाहान आणि बिनबिरकिलिसे. वाट वाकडी करून जावं का?

केतकी_स
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी टर्कीला जातोय, मी, नवरा आणि माझी आई (वय ६८, गुडघे ठणठणीत, रोज पर्वती चढते). कापादोकिया आणि कोन्या नक्की आहे, तिथून गाडी भाड्याने घेऊन खाली समुद्राकडे सिलिफ्केला उतरायचंय. नकाशा बघत बसले होते तेव्हा दिसलं की त्याच रस्त्यावर टॉरस डोंगरात अलाहान नावाचा पाचव्या शतकातला, बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातला मठ आहे, आणि कारामानच्या वर कारादाग म्हणून विझलेला ज्वालामुखी आहे त्याच्या अंगाखांद्यावर बिनबिरकिलिसे, म्हणजे पन्नासच्या आसपास जुन्या चर्चेसचे अवशेष. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

नवऱ्याचं म्हणणं, इस्तंबूलला हागिया सोफिया (मूळचं चर्च) बघणारच आहोत, मग परत डोंगरात जाऊन पडक्या भिंती कशाला, त्यापेक्षा पामुक्कले करू. मला मात्र त्या साम्राज्याच्या राजधानीतलं, म्हणजे इस्तंबूलचं, भव्य काहीतरी बघून झाल्यावर दूरच्या डोंगरात तेच लोक कसे राहत होते, काय बांधत होते ते बघायचंय. कोणी गेलंय का? रस्ता कसा आहे, आईला झेपेल का, आणि मुख्य म्हणजे तिथे उभं राहिल्यावर काही समजतं का की नुसते दगड दिसतात?

रानवाटा
जा. डोळे मिटून जा.

पंत_वाईकर
मी विरोधी पक्षात. डोळे मिटून जायचं तर एवढा खर्च कशाला :) गंमत सोडा, पण परदेशात मोजके दिवस असतात, आई बरोबर आहे, तिथे ना धड माहितीफलक ना गाईड. आम्ही टर्कीतच दुसऱ्या एका ठिकाणी असं आडवाटेचं काहीतरी बघायला गेलो होतो, उन्हात तासभर चालून तीन कमानी आणि एक शेळी दिसली. इतिहास आधीपासून माहीत असणाऱ्याला मजा येते, बाकीच्यांचं काय?

स्टुटगार्टकर
केतकी, आम्ही दोनेक वर्षांपूर्वी नेमका हाच रस्ता केला, कोन्या – कारामान – मुट – सिलिफ्के. डी-७१५ हायवे आहे, उत्तम डांबरी. कारामान सोडलं की चढ सुरू होतो, सेर्तावुल नावाची खिंड लागते साधारण १६५० मीटरवर, आणि ती ओलांडली की एकदम सगळं बदलतं, मागे कोन्याचं सपाट पिवळं पठार आणि पुढे पाईनची झाडं, चुनखडीचे कडे आणि खाली खोल गोक्सू नदीचं खोरं. अलाहानचा फाटा मुटच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर डावीकडे आहे. तिथून वर दोनेक किलोमीटर अरुंद, चढाचा, वळणांचा रस्ता, पण साधी गाडी जाते. वर गाडी लावली की अवशेष समोरच, आईंना डोंगर चढायचा नाहीये, फक्त ओबडधोबड दगडांवरून सांभाळून चालायचं.

पामुक्कले म्हणाल तर ते कोन्याच्या पश्चिमेला चारशेच्या आसपास किलोमीटर, तुम्ही जाताय दक्षिणेला. म्हणजे वाट वाकडी होते ती पामुक्कलेसाठी, अलाहानसाठी नाही. हे नवऱ्याला दाखवा.

केतकी_स
@स्टुटगार्टकर दाखवलं. "बरं" म्हणाला. आमच्या घरात हा मोठा विजय आहे.

दगडधोंडे
पंत, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. माहिती न घेता गेलं तर कुठलेही अवशेष मुकेच वाटतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, केतकीने आईलाही वाचून दाखवावं.

अलाहान म्हणजे डोंगराच्या दक्षिण उतारावर कापून काढलेली एक लांबलचक गच्ची. पश्चिम टोकाला गुहा आहेत, सुरुवातीचे साधू बहुतेक तिथेच राहत. मग पश्चिमेचं मोठं चर्च, त्याचं बरंचसं पडलंय पण दरवाजा शाबूत आहे, आणि तिथेच पहिली वीस मिनिटं द्या. वरच्या तुळईवर पंख पसरलेले देवदूत वर्तुळातला ख्रिस्ताचा चेहरा उचलून धरतायत, तुळईच्या खालच्या अंगाला माणूस, सिंह, बैल, गरुड ही चार शुभवर्तमानकारांची (बायबलमधली ख्रिस्तचरित्रं लिहिणाऱ्यांची) चिन्हं, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांच्या आतल्या अंगाला गॅब्रिएल आणि मायकेल हे देवदूत जुन्या देवतांच्या पुजाऱ्यांना पायाखाली तुडवताना कोरलेत. म्हणजे दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जात होतं की बाबा रे, जुना धर्म संपला. हे साधारण पाचव्या शतकातलं, तेव्हा आजूबाजूच्या डोंगरात जुने देव अजून पूर्ण विसरले गेले नसणार, नाहीतर इतकं ठासून सांगायची गरज काय होती?

तिथून पूर्वेकडे खांबांची लांब वाट जायची, मध्ये बाप्तिस्म्याची इमारत, क्रॉसच्या आकाराचं कुंड अजून आहे. वाटेच्या कडेला कड्यात कोरलेली थडगी. आणि अगदी शेवटी पूर्वेचं चर्च, जे जवळजवळ छपरापर्यंत उभं आहे. दीड हजार वर्षं, भूकंपाच्या प्रदेशात. कोरीवकामात मासे आणि द्राक्षवेली शोधा, सापडत राहतात.

एका थडग्यावर तरासिस नावाच्या माणसाचा ग्रीक लेख आहे, तो ४६२ साली वारला आणि त्याने येणाऱ्या लोकांसाठी उतरायच्या जागा बांधल्या असं त्यात आहे. मला हा लेख त्या सगळ्या देवदूतांपेक्षा जास्त आवडतो. यात्रेकरू दमून वर येणार, त्यांची पाठ टेकायची सोय करणारा माणूस.

इतिहासप्रेमी_नाशिक
तरासिस म्हणजेच बायझंटाईन सम्राट झेनो ना? झेनोचं मूळ नाव तेच होतं असं वाचलंय. म्हणजे सम्राटाचं थडगं आहे तिथे??

दगडधोंडे
नाही. तो तरासिस ४६२ ला गेला, झेनोने राज्य केलं ४७४ ते ४९१. हे नाव त्या भागात सर्रास होतं. पण झेनोचा संबंध येतोच, कारण तो मूळचा याच डोंगराळ इसौरियाचा. कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) दरबारातले लोक इसौरियन लोकांना रानटी लुटारू समजायचे, आणि त्यांच्यातलाच एक सम्राट झाला. अलाहानला पूर्वेच्या चर्चसारखं दर्जेदार काम झालं ते त्याच्या काळात, राजधानीतून पैसा आल्यामुळे, असं उत्खनन करणाऱ्या मायकेल गॉफ यांचं मत होतं. झेनो मेल्यावर अनास्तासियस गादीवर आला, ४९२ पासून काही वर्षं इसौरियन लोकांविरुद्ध युद्धच चाललं, आणि बांधकामाचा ओघ आटला. गॉफ १९७३ मध्ये गेले, सविस्तर अहवाल त्यांच्या पत्नी मेरी गॉफ यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. तो मठच होता की मुख्यतः यात्रेचं ठिकाण, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मी यात्रेच्या बाजूचा. एवढी मोठी चर्चेस, बाप्तिस्म्याची इमारत आणि उतरायच्या जागा दहावीस साधूंसाठी कोण बांधेल?

मुग्धा_आर्किटेक्ट
पूर्वेच्या चर्चबद्दल राहवत नाही म्हणून लिहिते. आत गेलात की मधल्या भागात गर्भगृहाच्या जरा अलीकडे उभ्या राहा आणि वर बघा. तिथे चार कमानींवर चौकोनी मनोरा उचललाय, आणि मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांत छोट्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन करायला घेतलाय, त्या कोपऱ्यांतल्या कमानींखाली चिमुकले खांबसुद्धा आहेत. वर दगडी घुमट होता की लाकडी निमुळतं छप्पर यावर चर्चा झाली, लाकडी छपराची शक्यता जास्त धरतात. पण महत्त्वाचं हे की लांबट बॅसिलिकाच्या (खांबांच्या रांगा असलेल्या चर्चच्या) मध्यभागी उंची आणायची, चौकोनावर काहीतरी गोलाकार बसवायचं, हा प्रश्न इथे डोंगरात सोडवायचा प्रयत्न चाललाय आणि हागिया सोफियाचं काम ५३२ मध्ये सुरू झालं. म्हणजे हे त्याच्या काही दशकं आधीचं!

इसौरियाचे गवंडी त्या काळी साम्राज्यभर नावाजलेले होते, सीरियापर्यंत कामाला जायचे. त्यामुळे केतकी, नवऱ्याला सांग की हागिया सोफिया बघणार आहोत म्हणूनच अलाहान बघायचं. क्रम जमला तर आधी अलाहान आणि मग इस्तंबूल करा, तो घुमट जास्त कळेल.

दगडाचे सांधे पण बघ, बोटाने चाचपून. (कोरीवकामाला हात नको प्लीज, साध्या भिंतीला.)

पंत_वाईकर
मुग्धाताईंचा प्रतिसाद वाचून माझा पक्ष कमजोर झालाय हे नोंदवतो. पण बिनबिरकिलिसेचं काय? तिथे तर म्हणे असं काही शाबूत नाहीच.

अबोली
मधेच विचारते, तिकडे शाकाहारी काय मिळतं? माझी बहीण पुढच्या वर्षी जाणारे.

स्टुटगार्टकर
@अबोली मसूर डाळीचं सूप सगळीकडे, गोझलेमे म्हणजे पालक किंवा चीज भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी, आणि मुटकडे बातिरिक मिळालं तर सोडू नका, बारीक बुलगुर, टोमॅटो, ताहिनी वगैरे मळून केलेला प्रकार, गार असतो, उन्हाळ्यात फार बरं वाटतं. चीज आवडत असेल तर कारामानच्या बाजारात दिवले विचारायचं, ते चामड्यात भरून गुहेत मुरवतात. वास उग्र, चव अफाट. मुट जर्दाळूसाठी प्रसिद्ध आहे.

अबोली
चामड्यात म्हणजे ते रद्द. बाकी सेव्ह केलं, धन्यवाद.

कारवां
बिनबिरकिलिसेला मी गेलेय, म्हणून पंतांना उत्तर देते.

कारामानपासून उत्तरेला चाळीसेक किलोमीटर, खाली मादेनशेहरी गाव आणि वर देले वस्ती. गावातच चर्च आहे, म्हणजे अवशेषांत गाव आहे की गावात अवशेष हे सांगता येत नाही. एका घराच्या भिंतीत क्रॉस कोरलेला दगड बसवलेला, दुसऱ्या ठिकाणी अर्धी कमान आणि तिच्या आडोशाला सरपण. चुनखडीचा अलाहान गोरा आहे, इथला दगड ज्वालामुखीचा, काळपट तांबूस. कमानी घोड्याच्या नालेसारख्या. कोरीवकाम जवळपास नाहीच, फार साधी, जाड, ठाम बांधणी. पंत म्हणतात तसं एकही इमारत पूर्ण नाही, पण तुम्ही चालत राहता आणि प्रत्येक वळणावर आणखी एक चर्च येतं, आणखी एक, मग विचार यायला लागतो की इतक्या छोट्या डोंगराळ गावाला एवढी चर्चेस कशाला लागली. कोणाची घराण्याची असतील, कोणाच्या स्मरणार्थ.

१९०५ मध्ये ब्रिटिश प्रवासी आणि पुरातत्त्व अभ्यासक गर्ट्रूड बेल तिथे गेल्या, कोन्यात त्यांची पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅमसे यांच्याशी गाठ पडली, आणि १९०७ मध्ये दोघांनी मिळून तिथे काम केलं, ती मोजमापं नकाशे फोटो काढायची, तो लेख वाचायचा. १९०९ ला पुस्तक आलं. तीच बेल पुढे इराकच्या राजकारणात आली ती. तिचे फोटो न्यूकॅसल विद्यापीठाने सगळ्यांसाठी ऑनलाईन ठेवलेत, ते मोबाईलवर उतरवून घ्या आणि त्याच जागी उभं राहून ताडून बघा. मी तसं केलं आणि पोटात कालवलं, फोटोत ताठ उभ्या असलेल्या कितीतरी भिंती आता नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांत जे गेलं ते आधीच्या हजार वर्षांत टिकलं होतं.

इतिहासप्रेमी_नाशिक
गावकऱ्यांनीच दगड पळवले ना? सरकारने गाव उठवून जागा ताब्यात घ्यायला हवी होती.

कारवां
मला हे अजिबात पटत नाही. भूकंप झाले, पाऊस-बर्फ आहे, आणि हो, दगड वापरले गेले, पण ज्यांच्या आज्या-पणज्या तिथे राहिल्या त्यांना उठवून काय मिळणार? उलट गाव आहे म्हणून तिथे कोणाचं तरी लक्ष आहे. मला ज्या आजींनी चहा दिला त्यांनी कुठल्या चर्चच्या मागे पाण्याचं जुनं टाकं आहे ते दाखवलं, बेलच्या नकाशात ते मला सापडलं नव्हतं. निर्मनुष्य जागी रात्री खजिना शोधणारे खड्डे खणतात, तो त्रास अनातोलियात सगळीकडे आहे.

दगडधोंडे
कारवांशी सहमत. आणि ती माणसं तिथे का राहिली हेही बघायला हवं. रॅमसेंचा अंदाज असा की सातव्या-आठव्या शतकात अरब स्वाऱ्या टॉरस ओलांडून पठारावर यायला लागल्या तेव्हा खालचं शहर सोडून लोक वर देलेला सरकले, आणि धोका कमी झाल्यावर पुन्हा खाली बांधकाम झालं. सगळ्या तारखा आज तशाच मानत नाहीत, पण डोंगर आसरा देतो एवढं तिथे वरच्या वस्तीतून खाली बघितलं की कळतंच, मैलोनमैल पठार दिसतं, येणारा माणूस अर्धा दिवस आधी दिसावा.

गडवाट
माझं वेगळंच दुखणं. तिकडे भिंतींवर नावं कोरतात का? आपल्या गडांवर बदाम आणि नावं बघून जीव जळतो.

मुग्धा_आर्किटेक्ट
कोरतात. ट्रॅब्झॉनजवळच्या सुमेला मठात तर भित्तिचित्रांतल्या संतांच्या चेहऱ्यांवर नावं खरवडलीयेत, हात पोचेल तिथपर्यंत. अलाहानला मानाने कमी.

झेलम
सुमेलाचा विषय निघालाच तर, केतकी, अलाहानऐवजी सुमेला का नाही? कड्याला चिकटलेला मठ, खाली अल्टिंदेरेचं हिरवं खोरं, धुकं. फोटो बघितलेत का?

स्टुटगार्टकर
सुमेला सुंदर आहे पण ते काळ्या समुद्राकडे, हजारभर किलोमीटरच्या फरकाने वेगळी सहल. आणि तिथे गर्दी. दरडींमुळे २०१५ पासून काही वर्षं बंद ठेवून कड्याचे दगड बांधून काढले, आता उघडलाय. १९२३ च्या ग्रीस-टर्की लोकसंख्या अदलाबदलीत तिथले ग्रीक साधू गेले. १५ ऑगस्टला तिथे २०१० पासून पुन्हा प्रार्थना व्हायला लागली, ग्रीसहून त्या लोकांची नातवंडं-पतवंडं येतात. वेगळा धागा काढा झेलम, मी लिहीन.

विसूभाऊ_कल्याण
अवांतर आहे पण राहवत नाही. सहाव्या शतकात, म्हणजे बायझंटाईन सम्राट जस्टिनियनच्या काळात, अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी लिहून गेलाय की पश्चिम भारतात 'कल्लियाना' बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमून येतो. ते कल्लियाना म्हणजे आमचं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे अलाहानला घंटा वाजत असेल तेव्हा कल्याणच्या खाडीत त्या जगाची खबर असलेली माणसं होती! लोकलमधून उतरताना मला हे नेहमी आठवतं.

दगडधोंडे
विसूभाऊ, अजिबात अवांतर नाही. कर्नाटकात हानगल तालुक्यात अक्की आलूरला बायझंटाईन सम्राटांची सोन्याची नाणी सापडलीयेत. तिकडची नाणी इकडे पोचत होती. फक्त घंटेचं तेवढं तपासा, पूर्वेकडच्या मठांत त्या काळी लाकडी फळी ठोकून प्रार्थनेला बोलवायचे.

विसूभाऊ_कल्याण
फळी तर फळी. आवाज पोचला म्हणजे झालं :)

केतकी_स
बापरे, काल दिवसभर ऑफिसमध्ये होते आणि इथे एवढं झालंय! सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळा धागा वाचून दाखवला, तिला तो पाठ टेकायची जागा बांधणारा तरासिस फार आवडला, म्हणाली त्याच्यासाठी तरी जायचं.

आता प्लॅन असा : कोन्याहून सकाळी निघून बिनबिरकिलिसे, रात्री कारामानला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर अलाहान आटपून दुपारपर्यंत सिलिफ्के. ठीक आहे का? आणि कुत्र्यांबद्दल कुठेतरी वाचलं, ते खरंय का?

कारवां
"आटपून" नको गं. बिनबिरकिलिसेला अर्धा दिवस पुरतो, अलाहानला नाही पुरणार.

कुत्र्यांचं खरंय. कारादागवर मेंढपाळांचे मोठे कुत्रे असतात, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. कळप दिसला तर लांबून वळसा घ्या, कुत्रा आला तर पळायचं नाही, थांबायचं आणि मेंढपाळाला हाक मारायची. गाडीपासून फार लांब आईंना एकटं सोडू नका. बाकी कारादागवर मोकाट घोड्यांचे कळप आहेत, ते दिसले तर नशीब. पाणी, टोपी, आणि जाड तळव्याचे बूट, गवतात लपलेले दगड असतात.

मुग्धा_आर्किटेक्ट
अलाहानला सकाळी लवकर नको. देवदूतांचा दरवाजा पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन तिरकं येतं तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं, सकाळी सगळं सपाट वाटेल. कारामानहून निवांत निघा, सेर्तावुलला चहा घ्या, बाराएकला पोचा. आधी पूर्वेचं चर्च बघून घ्या, सावलीत डबा खा, आणि मग हळूहळू दरवाजाकडे परत या.

स्टुटगार्टकर
आणि मग त्या संध्याकाळी सिलिफ्केचा हट्ट सोडा, मुटला राहा, वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. पुढचा गोक्सूच्या काठाने जाणारा रस्ता दिवसाउजेडी करण्यासारखा आहे. तिसऱ्या धर्मयुद्धात जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा कोन्या जिंकून हेच डोंगर ओलांडून उतरला आणि १९९० नव्हे ११९० च्या जूनमध्ये सिलिफ्केजवळ याच नदीत बुडून मेला, रस्त्याच्या कडेला स्मारक आहे. आमच्या जर्मन शेजाऱ्याने खास निरोप दिला होता की फोटो काढून आण.

सिलिफ्केत पोचल्यावर संत थेक्लाची गुहा चुकवू नका. तिथलं मोठं चर्च झेनोनेच बांधलं, गेलेली गादी ४७६ मध्ये परत मिळाल्यावर. आता भिंतीचा एक तुकडा उभा आहे, पण अलाहान बघून गेलात की तो तुकडा ओळखीचा वाटेल.

पंत_वाईकर
केतकी, परत आल्यावर फोटोंसकट लिहा, विशेषतः त्या मनोऱ्याचे कोपरे. आमची सौ. धागा वाचून विचारतेय की आपण कधी.

केतकी_स
नक्की लिहीन पंत. मुटचं हॉटेल बघते आता, म्हणजे कारामान एक रात्र, मुट एक रात्र, पामुक्कले रद्द (नवऱ्याने बार्बारोसा वाचल्यावर स्वतःच रद्द केलं). @स्टुटगार्टकर सप्टेंबरअखेर जर्दाळू मिळतील का?

स्टुटगार्टकर
ताजे नाही, ते मे-जूनमध्येच संपतात. सुके मिळतील, बाजारात काळपट तपकिरी दिसणारे घ्या, ते उन्हात वाळवलेले असतात. चमकदार केशरी असतात त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते.